शाळेंतलें सेवामंडळ आणि गरिबाची मूठ

(एका हायस्कुलांत विद्यार्थ्यांचें सेवामंडळ स्थापन झालें, त्या वेळीं पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आज या शाळेंत मुलांचें सेवामंडळ निघत आहे. पोरें खुशींत आहेत, मास्तरही खुशींत आहेत. परंतु मागल्या बाकांवर बसलेल्या आईबापांचीं तोंडें मी मघापासून पाहत आहें, आणि त्यांवरचा प्रश्न मला वाचतां येतो. "आतां हें आणखी काय काढलें? याला किती पडतील?" हा प्रश्न लाजण्यासारखा मुळींच नाहीं. ज्याच्या कांद्याचा पैसा हाताला लागण्याआधींच खतवाल्याच्या वहींत जमा झालेला असतो, त्यानें हा प्रश्न पहिल्या प्रथम विचारलाच पाहिजे. म्हणून सेवेची थोरवी गात मी बसत नाहीं. शेजाऱ्याचा बैल बसला तर आपली जोडी त्याच्या रानांत घालणारे, सावडीनें आणि इर्जिकीनें एकमेकांचीं शेतें उरकून देणारे तुम्ही लोक. तुम्हांला सेवा शिकविणारा मी कोण? मला बोलावयाचें आहे तें पैशाविषयीं आणि झाडूविषयीं. शाळेंतलें सेवामंडळ कामाचें कीं नुसतें मिरवण्याचें, हें या दोन गोष्टींवरून कळतें.

हीं मंडळें कोठून आलीं तें आधीं सांगतों. अमेरिकेंत कॅलिफोर्निया म्हणून राज्य आहे. सॅक्रामेंटो हें त्याच्या राजधानीचें गांव. तेथील हायस्कुलांत १९२५ सालीं आल्बर्ट ओल्नी आणि फ्रँक व्हिन्सेंट या शिक्षणाच्या कामांतल्या दोघां गृहस्थांनीं मुलांचें एक मंडळ उभें केलें. त्याचें नांव की क्लब, म्हणजे आपल्या भाषेंत किल्लीमंडळ. हे दोघेही किवानिस नांवाच्या सेवासंघाचे सभासद होते. व्यापारी आणि धंदेवाल्या लोकांचा हा संघ १९१५ सालीं डेट्रॉइट शहरीं निघालेला. पहिला हेतु अगदीं साधा होता. गांवांतल्या धंदेवाल्यांनीं शाळेंत यावें, पोरांशीं बोलावें, आणि कोणत्या धंद्यांत काय कष्ट व काय मिळकत असते तें पोरांना शाळेंत असतांनाच कळावें. पुढें त्या पोरांनीं शाळेचीं व गांवाचीं बारीकसारीक कामें अंगावर घेतलीं, आणि मंडळाला आजचें रूप आलें. आज तें पुष्कळ देशांत पसरलेलें आहे. पुढें १९६२ सालीं फ्लॉरिडा राज्यांतल्या मेलबर्न गांवच्या हायस्कुलांत, रोटरी संघाच्या पाठबळानें, २३ मुलांचा इंटरॅक्ट क्लब निघाला. १२ ते १८ वर्षांच्या मुलांचें हें मंडळ. वर्षांतून निदान एक काम आपल्या शाळेसाठीं किंवा गांवासाठीं, आणि एक काम परक्या देशाच्या लोकांची ओळख वाढावी म्हणून, असा त्याचा नेम आहे. हा क्लब आपल्या देशांतल्या पुष्कळ हायस्कुलांतूनही चालतो.

या मंडळांची घडण ध्यानांत घेण्यासारखी आहे. अध्यक्ष मुलांनीं निवडलेला, चिटणीस मुलांनीं निवडलेला, खजिनदारही मुलांनींच निवडलेला. मोठीं माणसें जवळ बसतात, विचारलें तर सांगतात, पण खुर्चीवर बसत नाहींत. आमच्याकडे मुलांचें मंडळ म्हटलें कीं अध्यक्ष संस्थेचे चेअरमन, उपाध्यक्ष त्यांचे मेहुणे, आणि मुलें सतरंज्या घालावयाला! या शाळेंत तसें होणार नाहीं असें हेडमास्तरांनीं मला शब्द देऊन सांगितलें आहे, म्हणूनच मी येथें आलों.

तरी अमेरिकेचें सर्व सोनेंच, असें कोणी समजूं नये. त्या किल्लीमंडळाचें दार मुलींना जवळजवळ पन्नास वर्षें बंद होतें. आपल्या जोतीरावांनीं आणि सावित्रीबाईंनीं पुण्यास मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं. तेव्हां या बाबतींत शिकविण्याचा अधिकार आपलाही आहे, आणि आज येथें नांवें नोंदविणाऱ्यांत मुली निम्म्याहून कमी नसाव्या, अशी माझी अपेक्षा आहे.

आतां पैशाकडे येतों. किवानिसवाल्यांच्या मंडळांचा एक नियम मला फार आवडला. त्यांच्या दोन थैल्या असतात. लोकांपुढें हात पसरून, तिकिटें लावून, वस्तु विकून जो पैसा आला तो एका थैलींत. तो सगळाच्या सगळा सेवेला. मंडळाचा स्वतःचा खर्च, म्हणजे सभेचा चहा, कागद, टपाल, प्रवास, हा दुसऱ्या थैलींतून. आणि ती थैली भरावयाची सभासदांनीं आपल्या वर्गणीनें. लोकांच्या पैशांतून मंडळानें आपला चहा प्यावयाचा नाहीं. नियम एवढाच, पण आमच्याकडचीं किती मंडळें या नियमावर टिकतील तें तुम्हीच मनांत मोजा. गणपतीच्या वर्गणीचें काय होतें, जत्रेच्या पट्टीचें काय होतें, हें तुम्हांला मीं सांगावयास नको. आमचीं पोरें हीं तीच वाट चालावयाला शिकणार असतील, तर त्यांनीं शाळेंत नुसतें गणितच शिकलेलें बरें.

आणि हल्लीं तर पैसा डोळ्यांना दिसतही नाहीं. फोनवर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन पुढें करतात, त्यावर दुसरा फोन धरला कीं पैसे गेले. तो चौकोन मंडळाच्या खात्याचा कीं कोणाच्या भाच्याच्या खात्याचा, हें देणाऱ्याला कसें कळावें? म्हणून माझें सांगणें असें कीं मंडळाचें खातें शाळेच्या नांवानें असावें, दोन सह्यांवांचून त्यांतला पैसा निघूं नये, आणि आलेल्या व गेलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद शाळेच्या दाराशीं फळ्यावर खडूनें लिहिली जावी. छापील अहवाल वर्षअखेरीस कोण वाचतो? फळा येतां-जातां दिसतो.

लहान मुलांनीं पैसा जमवावा कीं नाहीं, याविषयीं कांहीं शहाणे लोक नाक मुरडतात. मी मुरडीत नाहीं. तुम्हांला शिमग्याची पोस्त माहीत आहे. पोरें सोंगें घेऊन दारोदार फिरतात, आरडाओरड करतात, आणि चार पैसे घेतल्यावांचून हलत नाहींत. अमेरिकेंतल्या पोरांचाही असाच एक शिमगा आहे. तो ३१ आक्टोबरला येतो. मुखवटे घालून तीं दारोदार खाऊ मागत हिंडतात. १९५० सालीं फिलाडेल्फिया शहराकडच्या मेरी एमा ॲलिसन नांवाच्या एका शिक्षकबाईच्या मनांत आलें कीं, एवीतेवीं पोरें दारोदार जातातच, तर त्यांनीं खाऊबरोबर परमुलखांतल्या उपाशी पोरांसाठीं दोन पैसेही कां मागूं नयेत? दुधाच्या रिकाम्या कागदी डब्यांना भोंक पाडून त्यांतून पहिल्या वर्षीं सतरा डॉलर जमले, ते तिनें संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीला पाठविले. त्या सतरा डॉलरांतून निघालेली चाल देशभर पसरली, आणि हायस्कुलांतलीं सेवामंडळेंही पुढें त्यांत सामील झालीं. आमच्या शिमग्याची पोस्त कोठें जाते? बरीचशी भज्यांत जाते. भजीं खाऊं नयेत असें मी म्हणत नाहीं. सणाच्या दिवशीं पोरांनीं खावींत. पण निम्मी पोस्त या मंडळाच्या पेटींत पडली तर कोणाचा शिमगा बुडेल?

असा पैसा कोठवर पोंचतो त्याचें एक उदाहरण देतों, कारण तें तुमच्याआमच्या घरांतलें आहे. बाळंतिणीची नाळ विळ्यानें कापावयाची, वर राख नाहींतर शेण लावावयाचें, आणि आठवड्याच्या आंतबाहेर मूल आंखडून तोंड मिटून घेई. आम्ही म्हणत असूं, सटवीनें नेलें. सटवीनें नेलें नव्हतें; विळ्यावरच्या आणि शेणांतल्या जंतूंनीं नेलें होतें. त्या रोगाचें नांव धनुर्वात. गरोदर बाईला वेळेवर लस टोंचली आणि नाळ स्वच्छ पात्यानें कापली, तर तो होत नाहीं. २०१० सालीं किवानिस संघानें त्या बालनिधीच्या सोबतीनें जगांतला हा रोग हटविण्यासाठीं अकरा कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला, आणि त्यांत हायस्कुलांतल्या पोरांच्या मंडळांनींही आपला वांटा उचलला. ज्या बाईचें नांव, गांव, भाषा ठाऊक नाहीं, तिच्या दंडावरच्या टोंचणीसाठीं कोठल्या तरी गांवचीं पोरें शनिवारीं लोकांच्या मोटारी धूत होतीं. आपल्या देशांतला बाळबाळंतिणींचा धनुर्वात हटल्याचें २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. त्याचें मोठें श्रेय आपल्या दवाखान्यांतल्या नर्सबाईंना, आणि गांवोगांव फिरून गरोदर बायांना टोंचावयाला नेणाऱ्या बायांना आहे, हें विसरूं नका.

मोटारी धुण्याचें मीं मुद्दाम सांगितलें. पैसा जमविण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या दोहोंत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. एक तऱ्हा अशी: शाळा पोराच्या हातांत दहा तिकिटांचें पुस्तक देते आणि म्हणते, सोमवारपर्यंत विकून आण. डॉक्टराचा पोरगा तें पुस्तक बापापुढें टाकतो. बाप दहाही तिकिटें दवाखान्यांतल्या पेशंटांच्या गळ्यांत मारतो. दुकानदाराची पोरगी तें गल्ल्यावर ठेवते. आणि मोलमजुरी करणाऱ्याचें पोर? तें कोणाच्या दारांत जाणार? ज्याच्या दारांत जाईल त्याच्याकडून त्याच्या आईनें आधींच उचल घेतलेली आहे. मग सोमवारीं सर्व वर्गादेखत त्याला उभें करतात, आणि मंगळवारीं त्याची आई पिठाच्या डब्यांतले पैसे काढून देते. गरिबांच्या मदतीसाठीं काढलेलीं तिकिटें अशीं गरिबानेंच विकत घेतलेलीं मीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. एकदां नाहीं, अनेकदां. त्या शाळांचीं नांवें घेत नाहीं. हेतु चांगला असेल, पण हा सेवेचा धडा नव्हे, ही पट्टी आहे. या मंडळानें कोणत्याही मुलावर तिकिटांचा आंकडा बांधूं नये, आणि कोणी किती आणले तें वर्गांत वाचूं नये. हा नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

दुसरी तऱ्हा हाताच्या कमाईची. इंग्लंडांत १९४९ सालापासून स्काउट पोरांनीं एक आठवडा पाळावयास सुरुवात केली. घरोघर जावयाचें, बागेंतलें गवत काढूं का, बूट पुसूं का, कोळसा आणून टाकूं का, असें विचारावयाचें, आणि कामाचा एक शिलिंग घेऊन तो संस्थेंत जमा करावयाचा. आपल्या भारत स्काउट आणि गाइड संस्थेंतही ही चाल आहे, आणि तिचें नांव इतकें सुरेख आहे कीं तें कोणी ठेविलें त्याचे पाय धरावेत: खरी कमाई. भीक नाहीं, वर्गणी नाहीं, बापाच्या खिशांतलें नाहीं. काम केलें, दाम घेतला, आणि तो दाम दुसऱ्यासाठीं ठेविला. या तऱ्हेंत गरिबाचें पोर मागें राहत नाहीं. उलट तेंच पुढें असतें. शेतकऱ्याच्या पोरीला रोप लावतां येतें, कोंबड्या संभाळतां येतात. सुताराच्या पोराला मोडका बाक ठोकतां येतो. शिंप्याच्या पोरीला दप्तराचा उसवलेला बंद शिवतां येतो. वकिलाच्या पोराला यांतलें कांहीं येत नसेल, तर तो शिकेल. मंडळाचा खरा फायदा तोच आहे.

येथें कारागीर बंधूंसाठीं एक इशारा. दिवाळीला मंडळानें पणत्या विकाव्या, अशी कल्पना मघाशीं एका मुलीनें सांगितली. फार चांगली. पण मातीचा, भट्टीचा, आणि कुंभाराच्या हातांचा दाम त्याच्या हातीं आधीं पडला पाहिजे. त्यावर रंग, नक्षी आणि फेरी ही मुलांची मेहनत, आणि त्या मेहनतीचा नफा मंडळाचा. "आपलाच मुलगा आहे शाळेंत, शंभर पणत्या देऊन टाका कीं," असें कोणी त्याला म्हणतां कामा नये. आधीं राबवून घ्यावयाचें आणि मग सुगीला सूपभर फेकावयाचें, ही बलुत्याची रीत आपण आपल्या जिवानें ओळखतों. ती सेवेचें पांघरूण घेऊन शाळेच्या दारानें परत आंत येऊं नये.

आणि आतां झाडू.

अमेरिकेंत डॉक्टराचा मुलगा हातांत बादली घेऊन परक्याची मोटार धुतो. त्याच्या आईला त्यांत कांहीं वाटत नाहीं. आमच्याकडे झाडू हातांत घेण्याआधीं तो कोणाचा हात आहे तें पाहतात. "स्वच्छता सप्ताह" निघतो, आणि फोटोपुरता झाडू पाहुण्यांच्या हातांत राहतो; फोटो निघाला कीं तो ज्याच्या आज्यापणज्याच्या हातांत होता त्याच्याच पोराच्या हातांत जातो. मुलींकडे पाणी आणि रांगोळी; मुलांकडे भाषणें. आणि शाळेच्या संडासांची पाळी कोणावर येते, हें मीं सभेंत बोलून दाखवावें असें तुम्हांला वाटतें का? ज्या पोराच्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या गांव झाडलें, त्याच्याकडून शाळा झाडून घेणें ही सेवा नव्हे. तो जुनाच जुलूम आहे, वर खादीचा टांका घातलेला. म्हणून येथें पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्या. आणि पहिल्या महिन्यांत संडासाची चिठ्ठी ज्या पांच मुलांच्या नांवें निघेल, त्यांच्याबरोबर स्वतः उभे राहण्याचें दोघां शिक्षकांनीं कबूल केलें आहे. गाडगेमहाराज कीर्तनाच्या आधीं गांव झाडीत आणि मग देवाचें नांव घेत. त्यांचा फोटो भिंतीवर लावणारांनीं निदान क्रम तरी उलटा करूं नये.

पैशावर आणखी एक गोष्ट राहिली, ती आपल्या मुलखांतली. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह चालू केलें. सर्व जातींचीं पोरें तेथें एकत्र रांधीत, एका पंगतींत जेवीत, आणि स्वतः राबून शिकत. पैसा कोठून आणावयाचा? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचें सोनें मोडून पोरांच्या पोटाला घातलें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण सोनें एकदांच मोडतां येतें. रोजचें अन्न यावयाचें तें मूठफंडांतून: घरोघरच्या बायांनीं धान्यांतली एक मूठ बाजूच्या मडक्यांत टाकावयाची, आणि तीं मडकीं भरलीं कीं तें धान्य वसतिगृहाला. आतां हिशेब करा. ज्वारीची मूठ पन्नास ग्राम धरा. शंभर घरांनीं आठवड्याला एक मूठ टाकली तर पांच किलो. वर्षाकांठीं अडीच क्विंटलांच्या वर. एकाही घराला त्या मुठीचा जड भार नाहीं. त्या मार्गानें १९४० सालीं साताऱ्यास हायस्कूलही उभें राहिलें, तेथें पोरें कष्ट करीत आणि शिकत. अमेरिकेच्या किल्लीची गोष्ट मीं आधीं सांगितली ती पोरांना कौतुक वाटावें म्हणून. आपली किल्ली त्या मडक्यांत आहे.

फंड कसा मागावा हेंही त्यांत आलें. शंभर घरांची मूठ घेतली म्हणजे शंभर घरें मालक झालीं. एकाच बागायतदाराकडून पोतें घेतलें म्हणजे तो एकटाच मालक झाला, आणि मग त्याचा फोटो, त्याची कमान, त्याच्या नातवाचा पहिला नंबर. पोतें कोणी देत असेल तर नाकारूं नका. पण तें मुठीच्याच वहींत, मुठीच्याच ओळींत लिहा.

प्रमाणपत्राविषयीं थोडेंच बोलतों. अमेरिकेंतल्या मेरीलंड राज्यांत हायस्कूल पुरें करावयाचें तर मुलानें ७५ तास सेवा-अभ्यास केला पाहिजे असा नियम आहे. किल्लीमंडळांत दरसाल ५० तासांची अपेक्षा असते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेंत वर्षाला १२० तास धरतात. ती योजना १९६९ सालीं २४ सप्टेंबरला ३७ विद्यापीठांत चालू झाली, आणि आतां अकरावी-बारावीलाही आहे. (२४ सप्टेंबर हा सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचाही दिवस; साल १८७३. जुळलें आहे तर ध्यानांत ठेवा.) तास मोजणें वाईट नाहीं, तासानें मजुरी करणाऱ्याला तासाची किंमत कळते. पण तेथें असें झालें आहे कीं कॉलेजच्या अर्जांत लिहावयाला बरें म्हणून पोरें तास गोळा करतात. आमच्याकडे तर तास न भरतांच सही मिळते. माझी सूचना अशी कीं मंडळानें पहिलीं दोन वर्षें कोणालाही प्रमाणपत्र देऊं नये. ज्यांना कागदच हवा आहे तीं मुलें आपोआप गळतील, आणि राहतील त्यांच्यावर काम निभावेल.

एक गोष्ट आईबापांना शपथेवर सांगतों: सुगीच्या आणि लावणीच्या दिवसांत मंडळानें शेतकऱ्यांच्या पोरांना बोलावूं नये. तुमच्या घरीं त्यांचे हात लागतात, आणि घरचें काम हीही सेवाच आहे. उलट, ज्या घरांत करता पुरुष आजारी आहे त्या घराच्या रानांत मंडळानें जावें. त्यालाच आपण इर्जिक म्हणतों. मंडळानें नवें नांव शोधत बसूं नये.

पहिलें काम ठरलेलें आहे. आठवीपर्यंतचीं पुस्तकें सरकारकडून मिळतात. नववी-दहावीचीं तुम्हांला विकत घ्यावीं लागतात, आणि वर्ष संपलें कीं तीं रद्दींत जातात. पास झालेल्या मुलांनीं आपलीं पुस्तकें मंडळाला द्यावींत. फाटकीं असतील तीं मुलें खळ लावून बांधतील, वर कव्हर घालतील, आणि पुढच्या मुलाच्या हातांत देतील. कोणाला पुस्तकें मिळालीं त्यांचीं नांवें फळ्यावर लिहिलीं जाणार नाहींत. किती जोड दिले तेवढाच आंकडा लिहिला जाईल. दुसरें काम म्हाताऱ्या माणसांचे निराधार पगाराचे अर्ज भरून देण्याचें. मुलांना लिहितां येतें आणि फोन चालवितां येतो; म्हातारीला कचेरीच्या चार खेपा वांचल्या तर मुलांचें शिक्षण तिच्याही उपयोगी पडलें असें होईल. अर्जाचे पैसे घ्यावयाचे नाहींत, चहासुद्धां नाहीं.

हिशेब दर महिन्याच्या शेवटच्या बाजारच्या दिवशीं दुपारीं येथेंच मोठ्यानें वाचला जाईल. बाजारचा दिवस मुद्दाम धरला आहे, कारण त्या दिवशीं तुम्ही गांवांत असतांच. यावें, ऐकावें, आणि आंकडा जुळला नाहीं तर खजिनदार मुलाला तेथल्या तेथें विचारावें. तो रागावणार नाहीं, आणि रागावला तर दुसरा निवडावा.

नांवें घालण्याची वही दाराशीं त्या दोन मुलींच्या हातांत आहे. वर्गणीचा रकाना तिच्यांत मुद्दामच ठेविलेला नाहीं. नांवापुढें एकच रकाना आहे: हाताला कोणतें काम येतें. तुमच्या पोराला तेथें लिहावयाला लाज वाटली तर तुम्ही सांगा, मुली लिहून घेतील.